ऐंशीचे एकशे वीस: गुजरात मजदूर सभा प्रकरण आणि जादा कामाच्या वेतनाचा हिशेब

कोविडच्या पहिल्या टाळेबंदीत, 17 एप्रिल 2020 रोजी, गुजरात शासनाच्या कामगार व रोजगार विभागाने कारखाने अधिनियम, 1948 च्या कलम 5 चा आधार घेऊन एक अधिसूचना काढली आणि राज्यातील सर्व नोंदणीकृत कारखान्यांना कामाच्या तासांविषयीच्या तरतुदींतून 20 एप्रिल ते 19 जुलै 2020 या काळापुरती सूट दिली. ती मुदत संपताच 20 जुलैला दुसरी अधिसूचना निघाली आणि सूट 19 ऑक्टोबरपर्यंत लांबली. गुजरात मजदूर सभा आणि ट्रेड युनियन सेंटर ऑफ इंडिया या संघटनांनी राज्यघटनेच्या अनुच्छेद 32 खाली थेट सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. 1 ऑक्टोबर 2020 रोजी न्या. धनंजय चंद्रचूड, न्या. इंदू मल्होत्रा आणि न्या. के. एम. जोसेफ यांच्या खंडपीठाने दोन्ही अधिसूचना रद्द केल्या.

या निकालाची चर्चा बहुतेक वेळा आणीबाणीचे अधिकार आणि मूलभूत हक्क यांच्या अंगाने होते. ती योग्यच आहे. पण कारखान्यात पगारपत्रक तयार करणाऱ्या माणसासाठी या प्रकरणात वेगळाच धडा आहे आणि तो निकालाच्या आधी, अधिसूचनेच्या मजकुरातच दिसण्यासारखा होता. सरकारी सूट हातात आहे म्हणून मालकाची वेतनाची जबाबदारी संपली असे मानणाऱ्या कारखान्यांवर सहा महिन्यांनी थकबाकीचा बोजा कसा येऊन पडला, हे समजून घेण्यासाठी या प्रकरणाकडे वेतनाच्या हिशेबाच्या बाजूने पाहिले पाहिजे.

अधिसूचनेत काय होते आणि काय नव्हते

कारखाने अधिनियमाची नेहमीची चौकट सर्वांच्या परिचयाची होती. कलम 51 प्रमाणे प्रौढ कामगाराला आठवड्यात 48 तासांपेक्षा जास्त काम देता येत नव्हते, कलम 54 प्रमाणे दिवसाला नऊ तासांची मर्यादा होती, कलम 55 प्रमाणे सलग पाच तासांच्या कामानंतर किमान अर्धा तास विश्रांती द्यावी लागत होती आणि कलम 56 प्रमाणे विश्रांतीसह कामाचा एकूण पसारा साडेदहा तासांच्या पुढे नेता येत नव्हता. कलम 59 या चौकटीच्या पुढचे होते. कामगाराने दिवसाला नऊ तासांपेक्षा किंवा आठवड्याला 48 तासांपेक्षा जास्त काम केले, तर त्या जादा कामासाठी त्याला सामान्य वेतनदराच्या दुप्पट दराने वेतन मिळाले पाहिजे, असे ते कलम सांगत होते. कारखान्यांत यालाच ‘डबल ओटी’ (दुप्पट ओव्हरटाइम) म्हणतात.

गुजरातच्या अधिसूचनेने दिवसाची मर्यादा 12 तासांवर आणि आठवड्याची 72 तासांवर नेली, विश्रांती सहा तासांनंतर दिली तरी चालेल असे म्हटले आणि शेवटी वेतनाबाबत एक अट घातली: वेतन सध्याच्या वेतनाच्या प्रमाणात द्यावे, उदाहरणार्थ, आठ तासांचे वेतन 80 रुपये असेल तर बारा तासांचे प्रमाणशीर वेतन 120 रुपये होईल.

हा मजकूर काळजीपूर्वक वाचणाऱ्याच्या एक गोष्ट लगेच लक्षात येते. सूट ज्या कलमांतून दिली, ती कलमे अधिसूचनेत नाव घेऊन सांगितली होती: 51, 54, 55 आणि 56. कलम 59 त्या यादीत नव्हते. म्हणजे जास्त तास काम घेण्याची मुभा एका बाजूला स्पष्ट शब्दांत दिलेली होती आणि दुप्पट वेतनाचे कर्तव्य मात्र यादीत न आणता एका अटीतून, तेही उदाहरणाच्या रूपाने, पुसून टाकले होते. ज्या कलमातून सूट दिलेलीच नाही, त्या कलमाविरुद्ध जाणारी अट कितपत टिकेल, हा प्रश्न कोणत्याही सावध मनुष्यबळ अधिकाऱ्याच्या मनात एप्रिल 2020 मध्येच यायला हवा होता.

दुसरी बाबही तितकीच महत्त्वाची आहे. सूट फक्त कारखाने अधिनियमातून होती. किमान वेतन अधिनियम, 1948 च्या कलम 14 मध्ये जादा कामाच्या वेतनाचे स्वतंत्र कर्तव्य होते आणि त्याला अधिसूचनेने हात लावला नव्हता. त्या कायद्याखालील जादा वेतनाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात 1972 सालीच वाय. ए. मामर्डे प्रकरणात आला होता. ते प्रकरण नागपूरच्या किमान वेतन प्राधिकाऱ्यापुढून वर गेले होते, आणि दुप्पट वेतन मोजताना आधार धरायचा तो कामगाराला प्रत्यक्ष मिळणाऱ्या वेतनाचा, केवळ ठरवून दिलेल्या किमान वेतनाचा नव्हे, असे त्यात ठरले. सूट देणारा कोणताही आदेश हातात आला की तो कोणत्या कायद्यातून, कोणत्या कलमातून आणि कोणत्या तारखेपर्यंत सूट देतो हे तपासणे, आणि ज्या कायद्यांना त्याने स्पर्श केलेला नाही ते जसेच्या तसे लागू आहेत असे समजून चालणे, हे अनुपालनाचे पहिले काम आहे.

ऐंशी रुपयांचा हिशेब

अधिसूचनेतलेच उदाहरण पुढे चालवून पाहू. आठ तासांचे 80 रुपये म्हणजे तासाला 10 रुपये. अधिसूचनेप्रमाणे सहा दिवस, रोज बारा तास, म्हणजे 72 तासांचे आठवड्याला 720 रुपये होतात. कायद्याप्रमाणे किती होतात?

येथे बऱ्याच कारखान्यांत चूक होते. दिवसाच्या मोजणीने पाहिले तर नऊ तास साध्या दराने 90 रुपये आणि तीन तास दुप्पट दराने 60 रुपये, असे रोजचे 150 आणि आठवड्याचे 900 रुपये येतात. जादा तास भरतात 18. पण कलम 59 मध्ये ‘दिवसाला नऊ तासांपेक्षा किंवा आठवड्याला 48 तासांपेक्षा’ असे म्हटले होते. आठवड्याच्या मोजणीने 72 मधून 48 वजा केले की जादा तास 24 होतात. तेव्हा 48 तासांचे 480 आणि 24 तासांचे दुप्पट दराने 480, मिळून 960 रुपये. कामगाराचा हक्क या दुसऱ्या आकड्यावर होता. फक्त दिवसाची हजेरी पाहून ओटी काढणाऱ्या संगणक प्रणालीत प्रत्येक आठवड्याला सहा तासांची तूट राहते आणि ती वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षात येत नाही, कारण पगाराच्या चिठ्ठीवर ‘ओटी डबल’ असे छापलेलेच असते.

ऐंशी रुपये रोज हा आकडा अधिसूचनेत केवळ समजावण्यासाठी होता. समजा, एका कामगाराची रोजची मजुरी 400 रुपये, म्हणजे तासाला 50 रुपये आहे. अधिसूचनेप्रमाणे त्याला आठवड्याला 3,600 रुपये मिळाले. कायद्याप्रमाणे 4,800 मिळायला हवे होते. फरक 1,200 रुपयांचा. 20 एप्रिल ते 19 जुलै हे बरोबर तेरा आठवडे होतात. त्या पूर्ण काळात बारा तासांची पाळी चालली असेल, तर एका कामगाराचे 15,600 रुपये आणि अशा शंभर कामगारांचे 15 लाख 60 हजार रुपये थकले. दुसऱ्या अधिसूचनेचा काळ अजून यात धरलेलाच नाही.

हे पैसे कोणाचे होते, हे विसरता कामा नये. टाळेबंदीत रोजगार टिकेल की नाही या भीतीने बारा तास उभे राहून काम करणाऱ्या माणसाचे ते पैसे होते, आणि 720 च्या जागी 960 मागण्याची ताकद त्या काळात त्याच्याकडे नव्हती.

दुप्पट दर कायद्यात दोन कारणांसाठी आहे. थकलेल्या शरीराकडून घेतलेल्या तासाची भरपाई हे एक कारण. आणि असा तास मालकाला महाग पडावा, म्हणजे तो माणसे वाढवण्याचा विचार करेल, हे दुसरे. प्रमाणशीर वेतनाच्या अटीने दुसरे कारण पूर्णपणे नाहीसे केले. बारावा तास आठव्या तासाच्याच भावाने मिळत असेल, तर तीन पाळ्यांऐवजी दोन पाळ्यांत कारखाना चालवणे मालकाच्या फायद्याचे होते आणि तिसऱ्या पाळीची माणसे घरी बसतात. आठवड्याला 48 तासांची मर्यादा भारतातील कारखान्यांना 1946 च्या दुरुस्तीने लागू झाली. त्याआधी 1934 च्या कायद्यात ती 54 तासांची होती. ती दुरुस्ती केंद्रीय विधिमंडळात मांडणारे, व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातील कामगार सदस्य, डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. इतक्या कष्टाने मिळालेली गोष्ट एका विभागीय अधिसूचनेच्या शेवटच्या अटीत गेली, याची खंत वाटल्याशिवाय राहत नाही.

न्यायालयाने काय ठरवले

कलम 5 खाली राज्य शासनाला कारखान्यांना सूट देता येत होती, पण फक्त ‘सार्वजनिक आणीबाणी’त, आणि सार्वजनिक आणीबाणी म्हणजे युद्ध, परकीय आक्रमण किंवा अंतर्गत अशांतता यांमुळे भारताच्या किंवा त्याच्या एखाद्या भागाच्या सुरक्षेला धोका निर्माण करणारी गंभीर स्थिती, असे स्पष्टीकरण त्याच कलमात होते. अशी सूट एका वेळी तीन महिन्यांपेक्षा जास्त काळ देता येत नव्हती आणि लहान मुलांना कामावर ठेवण्यास मनाई करणारे कलम 67 तर कोणत्याही स्थितीत बाजूला ठेवता येत नव्हते.

महामारी व टाळेबंदी यांमुळे उद्योगांवर आलेले आर्थिक संकट म्हणजे अंतर्गत अशांतता, असे राज्य शासनाचे म्हणणे होते. न्यायालयाने ते मानले नाही. महामारीचा सार्वजनिक आरोग्यावर मोठा ताण पडला हे मान्य करूनही, आर्थिक मंदी म्हणजे देशाच्या सुरक्षेला धोका नव्हे, आणि सुरक्षेला धोका हा कलम 5 चा गाभा आहे, असे न्यायालयाने म्हटले. त्याचबरोबर माणुसकीच्या कामाच्या अटी व जादा कामाचे वेतन नाकारणे हा अनुच्छेद 21 मधील जीविताच्या हक्कावर आणि अनुच्छेद 23 मधील सक्तीच्या मजुरीविरुद्धच्या हक्कावर आघात आहे, असेही निकालात आहे. आर्थिक संकटाचा भार फक्त कामगारांच्या खांद्यावर टाकता येत नाही, हा या निकालाचा मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग आहे.

मालकांच्या दृष्टीने मात्र निर्णायक ठरला तो शेवटचा आदेश. पूर्ण न्यायासाठी आवश्यक तो आदेश देण्याचा अनुच्छेद 142 खालील अधिकार वापरून न्यायालयाने सांगितले की अधिसूचना निघाल्यापासून काम करणाऱ्या सर्व पात्र कामगारांना कलम 59 प्रमाणे जादा कामाचे वेतन द्यावे. अधिसूचना पुढच्या काळापुरत्या रद्द झाल्या असत्या, तर ‘तेव्हा आम्ही शासनाच्या आदेशाप्रमाणेच वागलो’ हा बचाव मालकांकडे राहिला असता. या आदेशाने तो बचाव संपला आणि हिशेब 20 एप्रिलपासून नव्याने मांडावा लागला.

1 ऑक्टोबरनंतर कारखान्यात

नव्याने हिशेब मांडायचा तर पहिला प्रश्न नोंदींचा येतो. ज्या कारखान्याने सूट मिळाल्यावर ओव्हरटाइमचे रजिस्टर लिहिणे थांबवले आणि हजेरीत फक्त ‘हजर’ असा शिक्का मारला, त्याला प्रत्येक कामगाराचे प्रत्येक आठवड्याचे तास सिद्ध करणे जवळजवळ अशक्य झाले. ज्याने कलम 62 चे प्रौढ कामगारांचे रजिस्टर, प्रवेशद्वारावरील येण्या-जाण्याच्या वेळा आणि पाळ्यांचे तक्ते नीट ठेवले, त्याला हे काम आठवड्याभराचे होते. सूट तासांवर होती, नोंदींवर नव्हती; पण हा भेद कामाच्या धबडग्यात हरवला.

दुसरा प्रश्न ‘सामान्य वेतनदर’ म्हणजे काय हा. कलम 59 च्या पोटकलम 2 प्रमाणे त्यात मूळ वेतनासह कामगाराला त्या वेळी देय असलेले भत्ते येत होते, सवलतीच्या दरात मिळणाऱ्या धान्यासारख्या वस्तूंचा रोख मोबदलाही येत होता. बोनस आणि जादा कामाचे वेतन मात्र वगळले जात होते. फक्त मूळ वेतनाच्या दुप्पट ओटी देणारे कारखाने याच ठिकाणी अडचणीत येतात. महागाई भत्ता वेगळ्या रकान्यात आहे म्हणून तो हिशेबातून सुटत नाही.

थकबाकी देताना वैधानिक कपातींचाही विचार करावा लागत होता. भविष्य निर्वाह निधी कायद्याच्या मूळ वेतनाच्या व्याख्येतून जादा कामाचा भत्ता वगळलेला होता, त्यामुळे त्यावर पीएफ भरावा लागत नव्हता. कर्मचारी राज्य विमा योजनेत स्थिती उलट होती: कामगार योजनेच्या कक्षेत येतो की नाही हे ठरवताना जादा कामाचे वेतन मोजत नव्हते, पण तो कक्षेत असेल तर वर्गणी त्या वेतनावरही भरावी लागत होती. मालकाचा 3.25 टक्के आणि कामगाराचा 0.75 टक्के हा दर 1 जुलै 2019 पासून लागू झाला होता. वरच्या उदाहरणातल्या 15 लाख 60 हजारांवर मालकाची वर्गणी 50,700 रुपये होते. थकबाकी ‘विशेष बक्षीस’ किंवा ‘सद्भावना रक्कम’ अशा नावाने देऊन ही वर्गणी टाळण्याचा मोह होऊ शकतो. तो टाळलेला बरा, कारण नाव बदलले तरी रकमेचे स्वरूप बदलत नाही आणि कलम 59 ची देणी फिटल्याचा पुरावाही त्यातून तयार होत नाही.

कंत्राटी कामगारांचे काय? कारखाने अधिनियमातल्या ‘कामगार’ या व्याख्येत ठेकेदारामार्फत नेमलेली माणसे येत होती, आणि कंत्राटी कामगार अधिनियम, 1970 च्या कलम 21 प्रमाणे ठेकेदाराने वेतन दिले नाही किंवा कमी दिले तर ते मुख्य मालकाने, म्हणजे ज्याच्या कारखान्यात काम चालते त्याने, भरायचे व नंतर ठेकेदाराकडून वसूल करायचे होते. म्हणून कायम कामगारांची थकबाकी देऊन ठेकेदाराला फक्त पत्र पाठवणे पुरेसे नव्हते. पत्राबरोबर ठेकेदाराकडून आठवडावार तासांचा तक्ता मागवणे आणि थकबाकी कामगाराच्या खात्यात जमा झाल्याचा बँकेचा पुरावा पाहूनच त्याचे बिल मंजूर करणे, हे मुख्य मालकाच्या हिताचे होते.

सर्वांत अवघड भाग नोकरी सोडून गेलेल्यांचा. एप्रिल ते जुलै 2020 मध्ये राबलेले अनेक स्थलांतरित कामगार ऑक्टोबरपर्यंत आपापल्या गावी गेले होते. ‘सर्व पात्र कामगार’ या शब्दांत तेही आले. त्यांच्या शेवटच्या ज्ञात बँक खात्यावर रक्कम पाठवणे, ती परत आली तर पत्त्यावर नोंदणीकृत पत्र पाठवणे आणि रक्कम वेगळी दाखवून ठेवणे, एवढे तरी प्रामाणिक मालकाने करायलाच हवे होते.

वेतन प्रदान अधिनियम, 1936 च्या कलम 15 खाली कामगाराला बारा महिन्यांत दावा करता येत होता आणि प्राधिकाऱ्याला कापलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत भरपाई देण्याचा अधिकार होता. वर्ष उलटले की प्रकरण मिटले, असा हिशेब या प्रकरणात चालला नाही. कोविडमुळे सर्वोच्च न्यायालयाने 15 मार्च 2020 ते 28 फेब्रुवारी 2022 हा काळ मुदतीच्या मोजणीतून वगळला होता.

मग तातडीचे काम कसे करायचे होते

टाळेबंदीत औषधे, अन्नप्रक्रिया, पॅकिंग अशा कारखान्यांवर खरोखरच मोठा ताण होता आणि माणसे कमी होती. ती गरज मी नाकारत नाही. पण तिच्यासाठी कायद्यात आधीच रस्ता होता. कामाचा अपवादात्मक ताण असेल तर कलम 65 खाली दिवसाला बारा तास, आठवड्याला जादा कामासह 60 तास आणि सलग सात दिवसांपेक्षा जास्त जादा काम नाही, अशा अटींवर काम घेता येत होते. केंद्रीय कायद्याच्या मूळ पाठात तिमाहीला 75 जादा तासांची मर्यादा होती आणि वेतन अर्थातच दुप्पट. आठवड्याला 24 जादा तास धरले तर हे 75 तास तीन आठवड्यांतच जवळजवळ संपतात. अधिसूचनेने तेरा आठवडे जे करू दिले, ते या मर्यादेच्या किती बाहेर होते, हे एवढ्यावरून कळते.

पुढे गुजरातने हाच विषय अधिसूचनेऐवजी कायद्यातील दुरुस्तीने हाताळला. जुलै 2025 च्या वटहुकुमाने दिवसाची मर्यादा बारा तासांपर्यंत नेली, पण आठवड्याचे 48 तास आणि दुप्पट वेतन कायम ठेवले. महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानेही सप्टेंबर 2025 मध्ये कारखान्यांतील रोजचे तास नऊवरून बारापर्यंत नेण्याच्या दुरुस्तीला मान्यता दिली. त्यानंतर 21 नोव्हेंबर 2025 पासून, कारखाने अधिनियमासह जुन्या कामगार कायद्यांची जागा घेणाऱ्या चारही कामगार संहिता अमलात आल्या.

नव्या व्यवस्थेत 2020 च्या निकालाचा एक पाया बदलला आहे आणि मालकांनी तो नीट समजून घ्यावा. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाच्या परिस्थितीविषयीच्या 2020 च्या संहितेत सूट देण्याच्या अधिकारात सार्वजनिक आणीबाणीबरोबर आपत्ती आणि महामारी हे शब्दही घातले आहेत आणि मुदत एका वेळी वर्षभरापर्यंत वाढवली आहे. म्हणजे पुढच्या महामारीत तासांबाबत सूट निघाली, तर ती जुन्या कारणावर पडेलच असे नाही. मात्र ती सूट त्या संहितेपुरतीच असेल. वेतन संहिता, 2019 च्या कलम 14 मध्ये नेहमीच्या दिवसापेक्षा जास्त केलेल्या प्रत्येक तासासाठी किंवा तासाच्या भागासाठी किमान दुप्पट दराचे कर्तव्य स्वतंत्रपणे उभे आहे. माझ्या मते पगारपत्रकात ‘सिंगल ओटी’ असा रकाना उघडण्याआधी सूट वेतन संहितेतूनही दिली आहे का, हे पाहावेच लागेल. वेतन संहितेखाली कामगाराला दाव्यासाठी आता तीन वर्षे मिळतात आणि वेतन दिले हे सिद्ध करण्याचा भार मालकावर आहे. तेव्हा आठवड्याच्या तासांचा तक्ता, ओटीचा हिशेब आणि वेतनचिठ्ठी या तिन्ही गोष्टी किमान तेवढी वर्षे तरी जपून ठेवाव्या लागतील.